ढगाळ दिवशी डोंगरांच्या फोटोत आभाळ पांढरंफटक येतं. पोलरायझर घेऊ की ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर?

सध्या दोन्ही नको, चकाकी घालवणारा पोलरायझरही नको आणि वरचा भाग गडद, खालचा स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड एनडीही नको. तुम्ही लिहिलंय की कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आहे, पावसाळ्यात महिन्याला एखादा ट्रेक होतो, आणि 'डोंगर-झाडं छान येतात, फक्त आभाळ जातं'. म्हणजे कॅमेरा डोंगर धरून प्रकाश मोजतोय आणि तुम्ही त्याला तसं करू देताय. आभाळ धरून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायच्या प्रकाशाचं माप, लावा. डोंगर काळे पडले तर पडू देत. हेच मी सहा वर्षं माझ्या सख्ख्या भावाला सांगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादाचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. मला कॅमेरा धरायला त्यानेच शिकवलं. लग्नात नवरीचा चेहरा उजळ यायला हवा, मांडवाबाहेरचं आभाळ जळून पांढरं झालं तरी गिऱ्हाईक काही बोलत नाही. त्या धंद्यात ते बरोबर आहे. पण तोच नियम तो डोंगरावर घेऊन येतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो. पहिला दिवस सगळा धुक्यात गेला. कोकणकड्यावर पोचलो तर दहा फुटांवरचा माणूस दिसेना. पावसात तो कडा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे वारा दरीतून वर उसळतो आणि पाऊससुद्धा खालून तोंडावर येतो. लेन्सहूड असून नसल्यासारखा. रात्री गावातल्या लोकांनी थाटलेल्या झोपडीत पिठलं-भाकरी खाताना दादा म्हणाला, "ऊन नाही तर फोटो नाही. उजाडलं की उतरू." मी अडून बसलो आणि सकाळी त्याला पुन्हा कड्यावर नेलं.

आठच्या सुमारास पाठीमागून ऊन आलं. दरी ढगांनी काठोकाठ भरलेली होती. त्या ढगावर आमच्या सावल्या पडल्या आणि सावलीभोवती रंगांचं गोल कडं उमटलं. इंद्रवज्र! कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने याच गडावर ते पाहिल्याची नोंद आहे. सूर्य पाठीशी, ढग समोर आणि आपल्या पायांखाली, त्यातले थेंब अगदी बारीक, असं सगळं जुळावं लागतं. शिवाय प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. दादा माझ्यापासून चार हातांवर उभा होता, तरी त्याचं कडं त्याचं आणि माझं माझं.

सगळं मिळून दोन मिनिटं. फ्रेमचा निम्मा भाग ओला काळा कातळ होता. दादाने कातळ मोजला. मी कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर नेलं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकत नाही एवढं पाहिलं आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, चार फोटो घेतले. त्याच्या फोटोत कातळावरचं शेवाळसुद्धा मोजता येतं, पण इंद्रवज्राच्या जागी नुसता पांढरा डाग आहे. माझ्यात कातळ कोळशासारखा आलाय आणि कडं पुरतं आहे, बाहेर तांबूस, आत निळसर.

घरी आल्यावर त्याने माझा जेपीईजी मागून घेतला, 'जरा काळपट आहे' म्हणून सगळा उजळला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. निम्मे रंग पुसले गेले. ते मला आजही सहन होत नाही.

अंधारलेल्या भागात माहिती दबलेली असते. रॉमधून ती वर काढता येते, थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो एवढंच. पूर्ण बर्न झालेल्या, म्हणजे जळून पांढऱ्या पडलेल्या ढगात मात्र वर काढायला काही उरलेलंच नसतं, मग सॉफ्टवेअर कितीही महागडं असो.

आता फिल्टर. पोलरायझरने निळं आभाळ गडद होतं, भरून आलेलं नाही. ओल्या पानांवरची, कातळावरची चकाकी तो उत्तम घालवतो, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), आणि पावसाळी अंधारात तो परवडत नाही. ग्रॅज्युएटेड एनडी सरळ क्षितिजासाठी आहे. किनाऱ्यावर किंवा कासच्या पठारावर चालेल. सह्याद्रीत सुळका मध्ये आला की त्याचं टोक विनाकारण काळं होतं. त्यापेक्षा मायक्रोफायबरची चार फडकी घ्या आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवा.

फोनवर काढत असाल तर ढगावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड खाली ओढा.

एक राहिलं. सगळी फ्रेम धुक्याचीच असेल तर उलटं करा, कॉम्पेन्सेशन अधिक एकपर्यंत न्या. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मधला राखाडी करून टाकतो आणि धुकं मळकट येतं. फोटोत माणूस महत्त्वाचा असेल, आई-वडील पहिल्यांदा गडावर आले असतील, तर दादाचं ऐका, चेहरा धरा.

पण ढग बघायला गेला असाल तर तिथे ढग हाच चेहरा आहे. दादा, तू इथे वाचतोस हे मला ठाऊक आहे. मूळ रॉ फाइल माझ्याकडे आहे. फक्त कातळ उजळून, ढगाला हात न लावता मोठी प्रिंट काढ आणि दुकानात लाव. कागदाचे पैसे मी देतो.