वाचक विचारतात : खुकरीवरच्या मामाचं नाव

(उत्तरं देणारे ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या दौलतगंजात वाढलेले आणि नौदलाच्या सिग्नल शाखेतून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले आहेत.)

प्रश्न : काका, सादर नमस्कार. माझा सख्खा मामा नौदलाच्या 'खुकरी' जहाजावर स्टोकर (बॉयलरपाशी काम करणारा) होता. डिसेंबर १९७१ मध्ये गेला, तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. आजीने शेवटपर्यंत त्याचं श्राद्ध होऊ दिलं नाही. "देह पाहिला नाही, मग गेला कसं म्हणू?" असं ती म्हणायची. आता आई थकली आहे, आमचा वाडा विकला गेला आहे आणि माळ्यावर मामाची काळी ट्रंक पडून आहे. ग्वाल्हेरमध्ये त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. दुसरीकडे कुठे आहे का? ट्रंकेचं काय करू? आणि श्राद्धाचं आता काही करता येतं का?
— एक भाची, जनकगंज, लष्कर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ट्रंक खाली उतरवा. वाडे रिकामे होताना पितळेची भांडी मोजून वाटली जातात आणि कागद रद्दीत जातात. लष्करमध्ये हे मी फार पाहिलं आहे. ट्रंक उघडाल तेव्हा आईला शेजारी बसवा, कारण फोटोतली माणसं आता फक्त त्यांनाच ओळखता येतील. त्या सांगतील ते नाव फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा.

त्यात काय शोधायचं ते सांगतो. मामांच्या पत्रांची पाकिटं टाकू नका. मुंबईच्या जहाजांची टपाल 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस' अशा पत्त्याने चालायची. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि जहाजाचं नाव असतं. पदकं मिळाली तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका, आधी ती भिंगाखाली धरा. १९७१ च्या लढाईचं 'संग्राम मेडल' आणि पश्चिम आघाडीचं 'पश्चिमी स्टार' यांच्यावर सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. तार सापडली तर तिची शाई उडण्याआधी फोटो काढून ठेवा. हा सर्व्हिस नंबर हातात आला की पुढचं काम अर्धं होतं. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये, ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. नातं दाखवणारा कागद जोडून आईच्या सहीने तिथे अर्ज करा. ग्वाल्हेरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तो पुढे पाठवला तर जास्त चांगलं.

नाव कुठे लिहिलेलं आहे, तेही विचारलं आहे तुम्ही. दिल्लीला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत आणि मोहिमांत कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावं त्यातल्या 'त्यागचक्रा'च्या भिंतींवर कोरलेली आहेत. भूदल, नौदल, वायुदल, तिन्ही दलांची. मामांचं नाव तिथे पाहायला आईला नेता आलं तर न्या. ग्वाल्हेरहून दिल्ली लांब नाही, आणि त्या वयाच्या बहिणीने भावाच्या नावावरून एकदा हात फिरवणं ही साधी गोष्ट नव्हे. खुकरीचं स्वतःचं स्मारक दीवला आहे, समुद्राकडे तोंड करून, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. पुढे याच नावाचं दुसरं जहाज नौदलात आलं. ते डिसेंबर २०२१ मध्ये सेवेतून निवृत्त झालं आणि तेही दीवलाच स्मारक म्हणून दिलं गेलं.

त्या रात्री काय झालं हे तुमच्या घरात कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो. ९ डिसेंबर १९७१. दीवपासून चाळीसेक सागरी मैलांवर 'खुकरी' आणि 'कृपाण' ही दोन फ्रिगेट जहाजं शत्रूची पाणबुडी शोधत होती. रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीचा टॉर्पेडो खुकरीला लागला आणि अवघ्या काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव देशाला माहीत आहे आणि ते माहीत असायलाच हवं. पण त्यांच्याबरोबर आणखी १९३ जण गेले. त्यांत स्वयंपाकी होते, लेखनिक होते, सिग्नलवाले होते आणि बॉयलर, टर्बाइनपाशी काम करणारे तुमच्या मामांसारखे स्टोकर होते. मी सिग्नलवाला, माझी जागा वर ब्रिजपाशी. आम्हाला निदान आकाश दिसायचं. स्टोकर जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली काम करतो. बाहेर दिवस आहे की रात्र हे त्याला घड्याळावरून कळतं. खाली आवाज इतका की शेजारच्याशी खुणांनी बोलायचं. जहाजाचा वेग या माणसांच्या हातात असतो, आणि टॉर्पेडो लागल्यावर वर यायला त्यांच्याकडे सगळ्यात कमी वेळ असतो. ताई, हे वाचताना त्रास होईल, पण मामा कुठल्या जागी उभं राहून काम करत होते हे भाचीला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

राहिला श्राद्धाचा प्रश्न. आजींच्या हट्टाला कुणी वेडेपणा म्हणत असेल तर म्हणू देऊ नका. नौदलाच्या घरांत असं वाट पाहणं अनेक आयांनी केलं आहे. पण आपल्याकडे देह न मिळालेल्यांसाठी वाट ठेवलेली आहे. पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर संस्कार करतात, त्याला पालाशविधी म्हणतात. शिवाय पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांची तिथी, पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. आणि महालयाच्या तर्पणात मातुल, म्हणजे मामा, नावानिशी येतोच. म्हणजे भाच्यांनी मामाला पाणी देणं हे काही वेगळं, नवं नाही. तुमच्या घरच्या गुरुजींना विचारून ठरवा. करायचं नाही असं आईने ठरवलं, तर त्यांच्या शब्दापुढे जाऊ नका.

प्रश्न : मी मुरारला राहतो, बी.ए.ला आहे. घरात नौदलाचा विषय काढला की सगळे म्हणतात, ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा काय संबंध? खरंच काही संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि चांगला जुना आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९१४ मध्ये, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी इतर संस्थानिकांच्या साथीने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची मोठी आगबोट विकत घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचं इस्पितळ जहाज केलं. नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बोट घेतली. त्यांनी काढलेल्या कंपनीचं 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन' हे नाव आपल्या शिंद्यांवरूनच आलं. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या कंपनीच्या बोटीची ती पहिली मोठी परदेश सफर. म्हणून दरवर्षी ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. लष्करच्या महाराज बाड्यावर उभं राहून हे किती ग्वाल्हेरकरांना सांगता येईल?

आणि दुसरा संबंध पंजाब मेलचा. आमच्या वेळी लष्करमधली भरती झालेली मुलं ग्वाल्हेर स्टेशनवर पंजाब मेल पकडून मुंबईला जायची. जवळजवळ सगळ्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. मी त्यांतलाच. कोकणातल्या मुलाला पाणी जन्मापासून ओळखीचं असतं, आपल्याकडच्या मुलांना ते शिकावं लागलं, ओकाऱ्या काढत शिकावं लागलं, आणि त्यांनी ते शिकून घेतलं. बेटा, घरच्यांना हे सांग.

प्रश्न : लष्करमधल्या आमच्या शाळेत शहरातल्या नौदलातल्या हुतात्म्यांचा फलक लावायचा आहे. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला अनावरण करावं असा विचार आहे. समितीत दोन वाद आहेत. १९४२ मध्ये मालवाहू बोटीवर गेलेल्या एका गृहस्थांचं नाव घ्यावं का? ते नौदलात नव्हते. आणि १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्यांचं?
— एक शिक्षक

उत्तर : सर, दोन्ही नावं घ्या. बोटीवर तोफ होती की गव्हाची पोती, हे टॉर्पेडो बघत नाही. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या हिंदी माणसांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात आहेत. त्यांत रॉयल इंडियन नेव्हीची माणसं सुमारे चारशे आणि व्यापारी बोटींवरचे खलाशी सहा हजारांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारकही त्याच इमारतीत आहे. आकडेच सांगतात की समुद्रावरचं मरण कुणी जास्त सोसलं. त्यांना वगळून केलेला फलक मला अर्धा वाटेल.

गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या बोटीवरचा. तो अपघात होता हे खरं, पण तो दारूगोळा युद्धाचाच होता. ती आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन कर्मचारीही त्यात गेले. नाव घ्या, फक्त नावापुढे 'मुंबई गोदी स्फोट' असं स्पष्ट लिहा. शांततेच्या काळात अपघातात गेलेले नौसैनिक असतील तर त्यांच्यासाठी वेगळं शीर्षक करा. सगळ्यांना सरसकट 'हुतात्मा' लिहून मोकळं होऊ नका, कोण कसा गेला हे खरं खरं लिहिण्यातच त्याचा मान आहे.

जुन्या नोंदी शोधताना एक काळजी घ्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (CWGC) यादी संगणकावर पाहता येते, पण तिथे हिंदी खलाशांची नावं पुष्कळदा आडनावाशिवाय, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं अशी आहेत. नुसतं आडनाव घालून शोधलं तर हाती काही लागणार नाही. आणि १९४८ पूर्वीच्या कागदावर 'ग्वाल्हेर' दिसलं की तो आपल्या शहराचाच, असं धरू नका. उज्जैन, मंदसौर, भेलसा (आजचं विदिशा), शिवपुरी हे सगळं तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होतं. गाव आणि परगणा जुळल्याशिवाय नाव पक्कं करू नका. जुळलं नाही तर तिकडच्या लोकांना कळवा, त्यांनाही आपला माणूस शोधायचा असेल.

अनावरणाच्या तारखेबद्दल माझं मत वेगळं आहे. ४ डिसेंबर हा कराचीवरच्या हल्ल्याच्या विजयाचा दिवस, तो उत्साहाने साजरा व्हावा. मुलांना 'निर्घात', 'निपात', 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांची गोष्ट त्या दिवशी जरूर सांगा. फलकाचं काम मात्र ९ डिसेंबरला करा. वरच्या पत्रातल्या ताईंचे मामा त्या दिवशी गेले. ताईंच्या आईंना व्यासपीठावर नाही, पहिल्या रांगेत बसवा आणि भाषणं लांबवू नका.

नावापुढे नंबर, हुद्दा, काम, जहाज, तारीख आणि शहरातला मोहल्ला एवढं हवंच. 'स्टोकर, खुकरी, जनकगंज' असं वाचलं की त्या गल्लीतलं पोर थांबून विचारतं. हुद्द्यांची नावं मधल्या काळात बदलली आहेत. ब्रिटिश काळचा हुद्दा आजच्या शब्दात लिहू नका, माणसाच्या हयातीत जो होता तोच ठेवा. कोरण्याआधी मजकूर मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. हुद्दे आणि जहाजांची नावं मी तपासून देईन. त्यानंतरच कारागिराकडे द्या.