चिठ्ठी ‘राजा’ची, कुंडीत भलतीच घटपर्णी

डिचोलीच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षी जूनमध्ये ऑनलाइन रोपवाटिकेतून ‘नेपेंथेस राजा, बोर्निओ’ अशी चिठ्ठी लावलेली घटपर्णी (पानांच्या टोकाला किडे पकडणारे कलश येणारा वेल) 6,500 रुपयांना घेतली. पडवीत ती छान तरारली, तीन फुटांचा वेल झाला. पण कलश सडपातळ, तळाशी फुगीर आणि तांबूस ओठाचे आले. ओळखीतल्या एका हौशी माणसाने सांगितले, ‘ही मेघालयची खासियाना, वनखात्याने पाहिली तर तुरुंग.’ विक्रेता म्हणतो, तक्रारीची सात दिवसांची मुदत संपली. काय करावे?

ताई, आधी एक करू नका. निर्णय लागेपर्यंत या वेलाची काडी कुणालाही देऊ नका, प्रेमाने मागितली तरी. कारण पुढे कळेल.

राजाची शंका तुमच्या अंगणानेच जवळपास मिटवली आहे. ही जात बोर्निओतल्या किनाबालू परिसरात सुमारे 1,500 ते 2,650 मीटर उंचीवर वाढते आणि तिला थंड रात्री लागतात. डिचोलीच्या उन्हाळ्यात रात्रीही पारा 25 अंशांच्या आसपास राहतो. अशा हवेत ती वर्षभर तरारणार नाही. दुसरी खूण पानावर पाहा. राजाच्या वाढलेल्या पानात तणावा (कलश धरणारा दोरा) टोकातून निघत नाही, टोकाच्या थोडा आत, पानाच्या खालच्या बाजूने निघतो. कोवळ्या पानांत हे स्पष्ट नसते, म्हणून जुने पान उलटून बघा. चिठ्ठीवर दोन नावांमध्ये गुणाकाराची खूण आहे का तेही पाहा. असेल तर विक्रेत्याने संकर म्हणूनच विकले, आणि तुमचा दावा तिथेच लंगडा पडतो.

उरतात दोन शक्यता. खासियानाचा कलश बहुधा सरळ नळीसारखा, कंबर फारशी नसलेला. तुमच्या वर्णनातला तळाचा फुगवटा आणि तांबूस ओठ पाहता मला ‘व्हेंट्राटा’ अधिक संभवते. हा फिलिपिन्सच्या दोन जातींचा संकर आहे. चिवट, स्वस्त, आणि चुकीच्या नावाने विकला जाण्यात पटाईत. पण माझा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. लहान रोपांत कलशाचा आकार फसवतो आणि एकाच वेलाचे खालचे व वरचे कलश वेगळे दिसतात.

कायद्याच्या दृष्टीने या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हेंट्राटा असेल तर हे सरळ ग्राहक प्रकरण. खासियाना मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली ‘विनिर्दिष्ट वनस्पती’, म्हणजे कायद्याच्या यादीतली संरक्षित वनस्पती आहे. कलम 17-ए खाली ती बाळगणे, विकणे, भेट देणे आणि नेणे-आणणे, सर्वच निषिद्ध. लागवडीला 17-सी खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. काडी देऊ नका म्हटले ते यासाठी. शिवाय कलम 57 प्रमाणे ताबा सिद्ध झाला की तो बेकायदेशीर मानला जातो आणि उलट सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर येतो. कलम 51 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ओळख पटवायला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम प्रादेशिक केंद्राला किंवा गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला लिहा. आधी फक्त फोटो पाठवा. नमुना कुरियरने पाठवू नका. खासियाना निघालीच तर तो पाठवणेच गुन्हा ठरू शकतो. फोटोत मोजपट्टी ठेवून घ्या: कलश समोरून आणि बाजूने झाकणासह, पानाची मागची बाजू, पान खोडाला जिथे जोडते तो सांधा, खालचे आणि वरचे दोन्ही कलश, आणि कुंडीला लावलेली मूळ चिठ्ठी. फुलोरा आला तर तोही. नर व मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे तुमच्याकडे एकाच प्रकारची फुले दिसतील.

आता पैशाचे. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाला जुळलीच पाहिजे. सात दिवसांची अट विक्रेत्याची, कायद्याची नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चे कलम 69 तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे देते. रोप हाती आले त्या दिवसापासून मोजा, म्हणजे वाद नको. पुढच्या वर्षीच्या जूनच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात ती चालते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि एवढ्या रकमेसाठी वकील करायची गरज मला वाटत नाही.

आधी विक्रेत्याला नोटीस पाठवा आणि तीत एवढेच लिहा: अमुक दिवशी अमुक वर्णनाने विकले, वनस्पती त्या वर्णनाची नाही, किंमत व वाहतूक खर्च 15 दिवसांत परत करा. ‘तुम्ही मला खासियाना विकली’ असे लिहू नका. ते तुमच्याच ताब्याबद्दल लेखी विधान होईल. खरेदी एखाद्या ऑनलाइन विक्री-मंचामार्फत झाली असल्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांखाली त्याच्या तक्रार अधिकाऱ्यालाही कळवा. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचे असते. जाहिरातीचे पान, यूपीआयची नोंद, बिल, संदेश आजच जतन करा. जाहिराती रातोरात बदलतात. वेल मात्र परत पाठवू नका, पुरावा तोच आहे.

तज्ज्ञांनी खासियानाच म्हटले, तर ती उपटून फेकू नका, विकूही नका. फौजदारी काम करणारा वकील गाठा आणि त्याच्यामार्फतच, बिल जोडून, मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी कळवा. आपणहून कळवल्याने कायद्यात आपोआप माफी नाही. पण चिठ्ठी राजाची, पैसे राजाचे, आणि कळताक्षणी कळवले, हा बचाव बिलाशिवाय उभा राहत नाही. म्हणून ते बिल आधी शोधा.