नाहुआ बायकांना खरंच स्वतःची नावं नव्हती का, आणि कोडेक्समध्ये त्यांच्या नावांची चित्रं कशी ओळखायची?

होती हो नावं. नाहुआ म्हणजे मेक्सिकोतले नाहुआत्ल भाषा बोलणारे मूळ लोक, अ‍ॅझ्टेक त्यांच्यातलेच; आणि कोडेक्स म्हणजे त्यांच्या जुन्या चित्रपोथ्या. 'बायकांना फक्त नंबर असायचे' हे जिथे वाचलंत ना, ते लिहिणाऱ्याने मूळ कागद उघडूनसुद्धा बघितलेले नाहीत.

मी बाहेरदेशी एका लायब्ररीत मेक्सिकोच्या जुन्या कागदांची नोंदणी करायचे. त्यात मोरेलोस भागातली १५४० च्या आसपासची नाहुआत्ल भाषेतली शिरगणती होती, घरटी माणसं, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचा अजून व्हायचाय, सगळं. बायकांच्या नावांत तेयाकापान, त्लाको, तेइकू, शोको हीच परत परत येतात, म्हणजे थोरली, मधली, धाकटी, शेंडेफळ. झालं, आमच्या वरच्या बाई म्हणाल्या हे नाव नाहीच, नातं आहे, नावाच्या रकान्यात 'अनामिक पत्नी' टाका. मी साफ नाही म्हणाले आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. अहो, लिहिणाऱ्याने स्वतः नवऱ्यापुढे लिहिलंय 'इतोका' आणि बायकोपुढेही 'इतोका', म्हणजे त्याचं नाव, तिचं नाव. त्या काळच्या नाहुआ लेखनिकाला ते नाव वाटतं आणि आपल्याला नाही वाटत, हा कुठला न्याय? बाप्तिस्म्यानंतरही ती माग्दालेना तेयाकापान होते, नाव सुटत नाही. आणि मारिया, आना, हुआना पण घरोघरी त्याच होत्या, त्यांना कुणी अनामिक म्हणत नाही! नेकावाल नावही भेटतं, टाकलेली, मागे राहिलेली. आपल्याकडे साताऱ्यात २०११ मध्ये २८५ 'नकुशीं'ची नावं बदलली, ती पण नावंच होती, दुखरी असली तरी.

आता चित्रं. आधी बाई ओळखा: पाय मुडपून गुडघ्यांवर बसलेली, अंगात हुइपिल म्हणजे सैलसर झगा, केसांचे दोन पीळ कपाळावर शिंगांसारखे वर आलेले. पुरुष गुडघे पोटाशी घेऊन चादरीत गुरफटलेला असतो. मग डोक्याजवळचं छोटं चित्र बघा, बऱ्याचदा ते बारीक रेघेने माणसाला जोडलेलं असतं. कोडेक्स बोतुरिनीत देवाचं गाठोडं पाठीवर घेऊन निघालेल्या चौघांत एक बाई आहे, तिच्याजवळ गोल ढाल काढलीय, ढाल म्हणजे चिमाल्ली, म्हणून ती चिमाल्मा. ऑक्सफर्डच्या कोडेक्स मेंदोसात बारशाचं पान जरूर बघा: सुईण बाळाला आंघोळ घालते, मुलगी असेल तर तिच्या वाटणीला झाडू आणि चाती, आणि बाळाचं नाव मोठ्याने पुकारायला तीन पोरं बसलेली. मुलगी असली तरी नाव पुकारायचेच, हे आमच्या बाईंना मी किती वेळा दाखवलं.

हां, मोरेलोसच्या शिरगणतीत चित्रं नाहीत, ती रोमन अक्षरांत आहे, तिथे ग्लिफ, म्हणजे नावाची चित्रं, शोधत बसू नका. चित्रवाल्या याद्या, जसं मेक्सिकोतल्याच वेशोत्सिंको गावची १५६० ची, मुख्यतः कर भरणाऱ्या पुरुषांच्या आहेत, बायका येतात त्या बहुतेक विधवा म्हणून, त्यामुळे बायकांचे ग्लिफ कमीच मिळतात. राजघराण्यातल्या इलानकुएइत्ल, आतोतोस्त्ली यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यावरून साध्या घरच्या बाईचा अंदाज बांधू नका.

तुम्ही स्वतः यादी करणार असाल तर रकान्यात तेयाकापानच लिहा. 'थोरली' हा अर्थ टीपेत टाका, नावाच्या जागी नको, मग वरचं कुणी काहीही म्हणो.