गोल पायऱ्यांचा साचा

वेंगुर्ला

झिला, अनेक आशीर्वाद.

जिन्याचं काम घेतलंस, बरं केलंस. चौदा पायऱ्या, सगळ्यांची पुढची कड बाहेर फुगलेली, फळ्या फणसाच्या. राउटर, म्हणजे साच्याच्या कडेने फिरून फळी कापणारं यंत्र, हाताशी आहे म्हणजे भराभर उरकेल असं तुला वाटतंय. उरकेल, पण आधी साच्याला वेळ दे. राउटरला अक्कल नसते. साच्याच्या कडेला एक टेंगूळ राहिलं तर ते चौदाही पायऱ्यांवर उमटेल.

तू अख्ख्या पायरीचा साचा करायला निघालायस, दोन्ही टोकांसकट. तसं करू नको. घर जुनं, चिऱ्याचं. गिलाव्याखाली भिंत कुठे आत, कुठे बाहेर असणारच, आणि खालच्या पायरीला बसणारं माप वरच्या पायरीला बसणार नाही. साच्यात फक्त गोलाई घाल, कारण तेवढीच सगळ्या पायऱ्यांना सारखी आहे. टोकं प्रत्येक पायरीला बोटभर लांब ठेव आणि जागेवर भिंतीशी पेन्सिल फिरवून हाताने बसव. त्यात वेळ जातो, जाऊ दे.

आता गोलाई. रुंदी ९०० मिमी आणि मध्यावर फुगवटा ७५ मिमी म्हणतोस. अर्ध्या रुंदीचा वर्ग, त्यात फुगवट्याचा वर्ग मिळव, आणि फुगवट्याच्या दुपटीने भाग. त्रिज्या येते १३८७.५ मिमी. फळीची पट्टी घेऊन तिच्या एका टोकाला राउटर बसव, दुसरीकडे खिळा ठोक आणि कंपाससारखा फिरव. खिळ्यापासूनचं माप बिटच्या, म्हणजे राउटरच्या फिरत्या पात्याच्या, खिळ्याकडच्या कडेपर्यंत घ्यायचं, मध्यापर्यंत नाही. १२ मिमीचं बिट असेल तर मध्य धरल्यावर ६ मिमीचा फरक पडतो.

साच्याला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, घेऊ नकोस. दुकानदार तेच गळ्यात मारेल, कारण कड गुळगुळीत येते. पण आपल्याकडच्या दमट हवेत ते कडेने फुगतं, पावसाळ्यात तर विचारूच नको. १२ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय घे. त्याच्या कडेला थरांमध्ये पोकळ्या निघतात, त्या लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भर, घास आणि मेण लाव. बिटावरचं बेअरिंग, म्हणजे साच्याच्या कडेवर धावणारं चाक, पोकळीत बसलं की पायरीला खड्डा पडलाच म्हणून समज. साचा पायरीपेक्षा दोन्ही बाजूंनी ५० मिमी लांब ठेव, म्हणजे राउटर कापायच्या आधी आणि नंतर टेकायला जागा मिळते. मागे एक सरळ पट्टी ठोक, पायरीची रंधलेली मागची कड तिला टेकली पाहिजे. मध्यरेषा साच्यावरही आखायची, फळीवरही. आणि साचा स्क्रूने पायरीच्या खालच्या अंगाला धर, वरच्या अंगाला भोक नको.

बिट घेताना वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेलं घे. महाग आहे, पण कारण ऐक. फणसाच्या रेषा फळीच्या लांबीत धावतात. कमानीच्या मध्यापासून टोकाकडे गेलास की धार रेषांबरोबर उतरते. टोकाकडून मध्याकडे आलास की रेषांवर चढते आणि तिथेच चिरफळ्या निघतात. राउटर सरकतो त्या दिशेच्या डाव्या हाताला लाकूड ठेवून मध्यापासून उजव्या टोकापर्यंत काप. मग साच्यासकट फळी उलटी कर, खालचं बेअरिंग साच्यावर घे, आणि उरलेला अर्धा भाग पुन्हा मध्यापासून उजवीकडेच.

बेअरिंगचं बिट मिळालंच नाही तर गाइड बुशवर, म्हणजे राउटरच्या तळाला बसवून साच्याला टेकवायच्या गोल कडीवर, काम चालतं. ३० मिमीचा बुश आणि १२ मिमीचं बिट असेल तर दोघांच्या फरकाचा निम्मा, म्हणजे ९ मिमी, साच्याच्या त्रिज्येतून वजा कर. पुढेमागे आत वळलेली कड करायची वेळ आली तर तिथे ९ मिमी मिळवायचे. फक्त बुशवर फळी उलटवायची सोय राहत नाही.

राउटर लावण्याआधी जिगसॉने, म्हणजे वरखाली हलणाऱ्या बारीक पात्याच्या यंत्राने, रेषेबाहेर ३ मिमी ठेवून काप. जाड फळीत पातं खाली वाकतं, म्हणून खालूनही बघत जा. बिट बदलताना प्लग काढ. चष्मा आणि मास्क लाव, फणसाची पिवळी भुकटी नाकातोंडात जाते.

फळ्या पावसात ओल्या हवेत पडल्या असतील तर पाऊस सरेपर्यंत शेवटचा हात मारू नकोस. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे जानेवारीत फुगवटा थोडा चपटा होतो. मालकाला घाई असेल तर त्याला हे आजच सांग, नंतर सांगितलंस तर सबब वाटेल.

पहिली पायरी प्लायच्या तुकड्याची कर, जागेवर ठेव, तिच्यावर चढउतार कर. पाऊल ठेवायला २५० मिमी खोली आणि १९० मिमीच्या आत चढ हे निवासी घरांसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेचं माप आहे. तुझा चढ त्याच्यापेक्षा जास्त निघाला तर फणसाला हात लावण्याआधी मला फोन कर.

बिट आणायला कुडाळला जाशील तेव्हा एक माझ्यासाठीही आण. माझ्याचं बेअरिंग खडखडतंय. पैसे देईन.

तुझा
मेस्त्री काका