नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात गॉथिक शॉर्टफिल्म करतोय. धूर सोडला की फ्रेम नुसती पांढरी होते. काय चुकतंय?

लाइट समोरून मारताय, म्हणून. धुराचे कण मागून उजेड आला की चमकतात; कॅमेऱ्याच्या बाजूने आला तर पांढरा पडदाच होतो. मुख्य लाइट खिडकीबाहेर, पात्राच्या मागे, उंचावर लावा. समोर फक्त उजेड परतवायला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरा, चेहऱ्याला तेवढं पुरतं. लाइट ५६०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२००वर ठेवला की चांदणं आपोआप निळं येतं. धूर थोडाच सोडा, पुठ्ठ्याने पसरवा, ढग मोडून एकसारखा झाला की मगच टेक. नाहीतर एडिटमध्ये शॉट जुळत नाहीत. पंखा-कूलर मात्र बंदच हवा, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात हे रात्री ११ नंतरच जमेल.