गाळातली डोकी

प्रश्न: तळ्याच्या गाळातल्या किड्यांवरून जुने दुष्काळ कळतात म्हणे! किडे इतके टिकतात कसे?

उत्तर: अख्खा किडा नाही हो, टिकतं ते डोकं. न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांचं डोकं कायटिनचं (किड्यांचं कवच ज्या चिवट पदार्थाचं असतं तो), शेकडो वर्षं कुजत नाही. गाळ चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं एकेक डोकं वेचायचं (मान मोडून येते, सांगून ठेवते), उताणं ठेवून दात बघायचे. दातांवरून गट ओळखतो. तळं आटलं की पाणी खारट होतं, खारं सोसणाऱ्या अळ्या वाढतात. केनियातल्या नैवाशा सरोवरात या अळ्या आणि डायटम शैवालं तपासून २००० साली निष्कर्ष निघाला: साधारण १७६० ते १८४० मधला कोरडा काळ विसाव्या शतकातल्या कुठल्याही दुष्काळाहून कडक होता. तिथल्या लोकांच्या मौखिक परंपरेतल्या दुष्काळांशीही मेळ बसला. मला त्याचंच जास्त अप्रूप.