वाचकांचे प्रश्न : लष्कर आले तर लाच थांबेल का?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा बारा यंत्रमागांचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. शेडच्या वाढीव बांधकामाच्या परवानगीसाठी मी सात महिने एका सरकारी कार्यालयात खेटे घालतो आहे. मागच्या महिन्यात तिथल्या कारकुनाने ढिगातून माझी फाईल काढली, माझ्यासमोर तिची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि ‘‘वजन ठेवल्याशिवाय कागद उडतात, शेठ,’’ एवढेच बोलून ती परत ढिगात ठेवली. आमच्या चहाच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात, पाच वर्षे देश लष्कराच्या हाती द्या, म्हणजे हे लोक सुतासारखे सरळ होतील. मलाही आता तसेच वाटू लागले आहे. यात काय चूक आहे?
— एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपला संताप रास्त आहे, आणि कट्ट्यावरच्या मंडळींच्या म्हणण्यात थोडे तथ्यही आहे, ते आधी मान्य करतो. लष्कराने सत्ता घेतली की पहिले काही आठवडे खरोखरच धाक बसतो. पाकिस्तानात ऑक्टोबर 1958 मध्ये जनरल अयुबखान आले, तेव्हा साठेबाजांनी दडवलेला माल बाहेर काढला आणि व्यापाऱ्यांनी भाव उतरवले. लोक खूश होते. पण परवाना देण्याचा अधिकार ज्या खुर्चीत होता तो तिथेच राहिला, फक्त त्या खुर्चीवरच्या माणसाला प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. अयुबखानांच्या मुलाने लष्कर सोडून सासऱ्यांबरोबर मोटारउद्योगात पाय रोवले. दहा वर्षांनी, 1968 मध्ये, त्याच राजवटीच्या नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी देशाच्या उद्योगांचा दोन तृतीयांश हिस्सा 22 घराण्यांच्या हातात गेल्याचे जाहीरपणे सांगितले.

त्याच 1958 सालाच्या आरंभी दिल्लीत काय घडले, ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांच्या समभागांत गुंतवले गेले होते. हा विषय लोकसभेत लावून धरला तो फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने आणि पंतप्रधानांच्या जावयाने. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने चौकशी उघड्यावर घेतली; ती ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. भ्रष्टाचार इकडेही होता आणि तिकडेही, पण इकडे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला अर्थमंत्र्यांची साक्ष ऐकता आली, आणि माझ्या मते सगळा फरक एवढ्यातच आहे.

जनरल मुशर्रफ यांचे उदाहरण तर फार बोलके आहे. बेनझीर भुट्टो आणि नवाज शरीफ यांच्या लोकनियुक्त सरकारांवर भ्रष्टाचाराचे आरोप होते, लोक विटलेले होते, आणि ऑक्टोबर 1999 मध्ये लष्कर आले तेव्हा तिथे मिठाई वाटली गेली. महिन्याभरातच भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नवे खाते निघाले, पण सेवेतील लष्करी अधिकारी त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. पुढे सत्ता टिकवण्यासाठी राजकीय तडजोड करण्याची वेळ आली, तेव्हा ऑक्टोबर 2007 मध्ये याच मुशर्रफ यांनी वटहुकूम काढून 1986 ते 1999 या काळातील राजकारण्यांवरचे खटले मागे घेण्याची वाट मोकळी केली. ज्यांना धडा शिकवायला आलो म्हणून सांगितले, त्यांनाच माफी दिली. तो वटहुकूम डिसेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा लष्करी राजवट संपलेली होती.

लष्करी राजवटीतला भ्रष्टाचार जगाला बहुधा ती राजवट गेल्यावरच कळतो, आणि तो नव्हता असे आपल्याला वाटते ते याच कारणाने. बांगलादेशाच्या जनरल इर्शाद यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यांत शिक्षा झाली ती 1990 च्या अखेरीस सत्ता गेल्यानंतर. दक्षिण कोरियाचे माजी लष्करशहा चुन आणि रोह यांचे कोट्यवधींचे गुप्त निधी न्यायालयात सिद्ध झाले ते 1996 मध्ये, लोकनियुक्त अध्यक्षाच्या कारकिर्दीत. नायजेरियाच्या जनरल अबाचा यांनी परदेशी बँकांत दडवलेला पैसा त्यांच्या मृत्यूनंतर परत येऊ लागला, आणि एकट्या स्वित्झर्लंडमधून आलेली रक्कमच एक अब्ज डॉलरच्या घरात गेली.

सोलापूरकरांना हे बाहेरच्या देशांतून शिकण्याची तशी गरज नाही. मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. ती परकी सत्ता होती, म्हणून तुलना अपुरी आहे, हे मला मान्य आहे. माझे आजोबा तेव्हा जुन्या गिरणीत कामाला होते. गांधीटोपी दिसली की पकडत, म्हणून ते टोपीची चौघडी करून कोपरीच्या आत, पोटाशी ठेवत. ते सांगत, ‘‘त्या दिवसांत दारात आलेल्याला ‘का’ म्हणून विचारायची सोय नव्हती.’’ 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो.

आपल्या लष्कराविषयी मला अतिशय आदर आहे, आणि तो टिकावा म्हणूनच त्याला परवान्यांच्या टेबलापासून दूर ठेवले पाहिजे. मुंबईच्या ‘आदर्श’ प्रकरणात जिथे जमिनीचा आणि परवानगीचा प्रश्न आला, तिथे राजकारणी आणि सनदी अधिकाऱ्यांबरोबर लष्करी अधिकाऱ्यांचीही नावे आली. नोव्हेंबर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले ते वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरल्यामुळे. आपल्याकडे खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि पुष्कळ जण सुटतात, याची चीड मलाही येते. परंतु ते रेंगाळतात हे आपण छापू शकतो.

आता आपल्या फाईलविषयी. पैसे देऊ नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. भाग पाडले गेल्यामुळे दिली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यासच संरक्षण मिळते. कारकुनाने रक्कम मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर आधी कळवा. मागणीची पडताळणी करून सापळा लावण्याचे काम त्यांचे आहे. आपली परवानगी लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहे का, हे पाहा. असेल तर तिला मुदत ठरलेली आहे आणि ती मुदत उलटली तर अपील करता येते. त्याबरोबरच माहिती अधिकाराचा अर्ज आजच लिहा. त्यात ‘परवानगी का दिली नाही’ असे विचारू नका, कारण त्याला मोघम उत्तर मिळते. ‘माझा अर्ज दाखल झाल्यापासून फाईल कोणत्या तारखेला कोणत्या पदावरील व्यक्तीकडे होती आणि तिच्यावर काय शेरे आहेत, त्यांच्या प्रती द्याव्यात,’ एवढेच विचारा. दहा रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक तिकीट लावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच कार्यालयात पहिले अपील करा. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाची आणि तारखेची पोच घ्या.